कोनन कथांचे चित्रकथेतील माध्यमांतर

अमेरिकन लेखक रॉबर्ट ई. हॉवर्ड (१९०६–१९३६) यांनी पल्प मासिकांसाठी लिहिलेल्या कोनन या सिमेरियन योद्ध्याच्या कथांवरून कॉमिक पुस्तके तयार करण्याची परंपरा १९७० मध्ये मार्व्हल कॉमिक्सच्या ‘कोनन द बार्बेरियन’ या मालिकेने दृढ झाली. लेखक रॉय थॉमस आणि चित्रकार बॅरी स्मिथ (पुढे बॅरी विंडसर-स्मिथ) व जॉन बुसेमा हे या परंपरेचे प्रमुख शिल्पकार मानले जातात. ‘स्वोर्ड अँड सॉर्सरी’, म्हणजे तलवार आणि चेटूक यांच्या संघर्षावर आधारलेला अद्भुतकथाप्रकार, अमेरिकन चित्रकथेत स्थिरावला तो मुख्यतः या मालिकेमुळे.

साहित्यकृतीचे एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात रूपांतर कसे होते, याचा अभ्यास करण्यासाठी हे उदाहरण उपयुक्त आहे. मूळ कथा मोजक्या, परस्परांपासून सुट्या आणि कालक्रमाविना लिहिलेल्या होत्या. चित्रकथेला मात्र दरमहा नवा अंक, सलग चरित्र आणि लहान मुलांच्या हाती देता येईल असा मजकूर हवा होता. या दोन गरजांचा मेळ घालताना मूळ कथेतील काय टिकले, काय बदलले आणि काय नव्याने घातले गेले, हा या विषयाचा गाभा आहे. कोनन हे पात्र माहीत असलेल्या अनेक वाचकांनी हॉवर्ड यांची एकही कथा वाचलेली नसते. त्यामुळे या प्रश्नाला केवळ तांत्रिक महत्त्व नाही.

मूळ कथा

लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या अमेरिकन कथामासिकांना पल्प मासिके म्हणत. १९२३ मध्ये सुरू झालेले ‘वीअर्ड टेल्स’ हे त्यांपैकी भयकथा व अद्भुतकथांना वाहिलेले मासिक होते. टेक्सास राज्यातील क्रॉस प्लेन्स या लहान गावात राहणारे हॉवर्ड हे त्याचे नियमित लेखक होते. ऑगस्ट १९२९ च्या अंकात प्रसिद्ध झालेली त्यांची ‘द शॅडो किंग्डम’ ही राजा कुलची कथा या कथाप्रकाराची पहिली कथा समजली जाते. कथाप्रकाराला नाव मात्र बरेच नंतर मिळाले. ‘स्वोर्ड अँड सॉर्सरी’ ही संज्ञा फ्रिट्झ लायबर यांनी १९६१ मध्ये सुचवली.

कोननची पहिली कथा ‘द फिनिक्स ऑन द स्वोर्ड’ डिसेंबर १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती स्वतःच एक रूपांतर होती. न विकल्या गेलेल्या एका कुलकथेचे पुनर्लेखन करून हॉवर्ड यांनी ती सिद्ध केली होती. १९३२ ते १९३६ या काळात ‘वीअर्ड टेल्स’मध्ये कोननच्या १७ कथा आल्या. ११ जून १९३६ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी, हॉवर्ड यांनी आत्महत्या केली. कोनन कथांचे पुस्तक निघालेले त्यांना पाहता आले नाही.

या कथांत कालक्रम नाही. पहिल्याच कथेत कोनन मध्यमवयीन असून अ‍ॅक्विलोनिया देशाचा राजा आहे. नंतरच्या कथांत तो कधी तरुण चोर, कधी भाडोत्री सैनिक, कधी समुद्री चाचा म्हणून येतो. साहसी माणूस आपल्या आयुष्यातील प्रसंग आठवतील तसे सांगतो, क्रमवार सांगत नाही, अशी या मांडणीची उपपत्ती हॉवर्ड यांनी एका पत्रात दिली होती. १९३६ मध्येच पी. शायलर मिलर व जॉन डी. क्लार्क या दोन वाचकांनी कथांवरून कोननचा जीवनक्रम जुळवला व तो हॉवर्ड यांना दाखवला. चित्रकथेच्या दृष्टीने हा जीवनक्रम पुढे फार महत्त्वाचा ठरला.

१९६६ पासून लान्सर बुक्सने कोनन कथा कागदी बांधणीच्या स्वस्त पुस्तकांत प्रसिद्ध केल्या. फ्रँक फ्रझेटा यांच्या मुखपृष्ठचित्रांमुळे त्या नव्या पिढीपर्यंत पोहोचल्या. संपादक एल. स्प्रेग डी कँप व लिन कार्टर यांनी या कथा जीवनक्रमानुसार लावल्या, अपूर्ण हस्तलिखिते पूर्ण केली आणि स्वतःच्या नव्या कोनन कथाही त्यांत घातल्या. डी कँप यांनी तर हॉवर्ड यांच्या कोननशी संबंध नसलेल्या काही ऐतिहासिक कथांमध्ये नायक बदलून त्या कोनन कथा केल्या होत्या. चित्रकथाकारांच्या हाती आलेला ‘मूळ’ मजकूर अशा रीतीने आधीच अनेक हातांतून गेलेला होता.

आधीचे प्रयत्न

गार्डनर फॉक्स यांनी लिहिलेली ‘क्रॉम द बार्बेरियन’ ही चित्रकथा १९५० मध्ये एव्हन प्रकाशनाच्या मासिकात आली. तिच्यावर कोननची छाप स्पष्ट दिसते. मेक्सिकोमध्ये १९५२ पासून ‘ला रेइना दे ला कोस्ता नेग्रा’ या नावाने ‘क्वीन ऑफ द ब्लॅक कोस्ट’ या कथेवर आधारित मालिका निघाली. तिच्यातील कोननचे केस सोनेरी होते, मूळ कथांत ते काळे आहेत.

एप्रिल १९७० च्या ‘चेंबर ऑफ डार्कनेस’च्या चौथ्या अंकात थॉमस व स्मिथ यांची ‘स्टार द स्लेयर’ ही छोटी चित्रकथा आली. तीत एक पल्प लेखक आपल्या रानटी नायकाला कथेत संपवायचे ठरवतो आणि तो नायकच प्रकट होऊन लेखकाला ठार करतो. पुढील मालिकेची ही रंगीत तालीम ठरली.

हक्क आणि प्रारंभ

थॉमस यांच्या आठवणींनुसार मार्व्हलने प्रथम लिन कार्टर यांच्या थाँगर या पात्राचे हक्क मिळवण्याचा प्रयत्न केला होता. कोननसारखे प्रसिद्ध पात्र परवडणार नाही असा समज होता. थाँगरची बोलणी रेंगाळल्यावर थॉमस यांनी हॉवर्ड यांच्या साहित्याची व्यवस्था पाहणारे ग्लेन लॉर्ड यांना पत्र लिहिले व प्रत्येक अंकामागे २०० डॉलर देऊ केले. प्रकाशक मार्टिन गुडमन यांनी मात्र १५० डॉलरच मंजूर केले होते. वाढलेला खर्च भरून काढण्यासाठी चित्रकार कमी मानधनाचा घ्यावा लागला. थॉमस यांची पहिली पसंती बुसेमा यांना होती. त्यांचे मानधन जास्त असल्यामुळे काम बॅरी स्मिथ या तरुण इंग्रज चित्रकाराकडे गेले.

पहिल्या अंकावर ऑक्टोबर १९७० ही तारीख होती. सुरुवातीच्या अंकांचा खप उतरत गेला आणि मालिका बंद करण्याचा निर्णयही झाला होता. थॉमस यांच्या आग्रहामुळे तो मागे घेण्यात आला. त्यानंतर खप सावरला आणि मालिका डिसेंबर १९९३ पर्यंत २७५ अंक चालली. थॉमस यांनी पहिले ११५ अंक लिहिले व १९९१ मध्ये ते पुन्हा मालिकेकडे परतले.

माध्यमांतराच्या पद्धती

कालक्रमाची पुनर्रचना: हॉवर्ड यांनी राजापासून सुरुवात केली, तर थॉमस यांनी नुकत्याच वयात आलेल्या तरुणापासून. मिलर–क्लार्क यांच्या आराखड्यावर आधारलेला, पुढे डी कँप यांनी वाढवलेला जीवनक्रम त्यांनी प्रमाण मानला. वाचकासमोर नायक अंकागणिक वयाने व अनुभवाने वाढतो, असे दृश्य सुपरहीरोंच्या चित्रकथांत दुर्मीळ होते. पहिल्या अंकांतील कोनन शिंगांचे शिरस्त्राण घालणारा, सडपातळ आणि नागरी जीवनाला नवखा आहे. एप्रिल १९७३ च्या पंचविसाव्या अंकापासून बुसेमा यांनी काढलेला कोनन भरदार व रांगडा आहे. चित्रकार बदलल्यामुळे झालेला हा फरक कथेतील वयोमानाशीही जुळून गेला.

निवेदनाचे रूपांतर: गद्यकथेत वर्णन, कृती आणि मनातील विचार हे सर्व शब्दांनीच सांगावे लागते. चित्रकथेत वर्णन व कृती चित्राकडे जातात, संवाद फुग्यात जातो आणि उरलेले निवेदन चौकटीच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीत येते. हॉवर्ड यांची शैली वेगवान, अलंकृत व नादमय आहे. थॉमस यांनी निवेदनाच्या पट्ट्यांत ही शैली शक्य तितकी राखली. काही ठिकाणी मूळ वाक्येच घेतली, काही ठिकाणी त्याच वळणाची नवी रचली. यामुळे मालिकेला साहित्यिक डूब मिळाली. जे चित्रात दिसतेच आहे ते पट्टीत पुन्हा सांगितले जाते, हा दोषही याच पद्धतीतून आला.

अन्य कथांचा उपयोग: मूळ कोनन कथा थोड्या आणि अंक अनेक, ही अडचण पहिल्या वर्षापासून होती. त्यामुळे हॉवर्ड यांच्या इतर कथाही कोननच्या साच्यात बसवण्यात आल्या. तिसऱ्या अंकातील कथा आयर्लंडमधील क्लोंटार्फच्या लढाईवर आधारलेल्या ‘द ग्रे गॉड पासेस’वरून घेतलेली आहे. तेविसाव्या अंकाचा आधार असलेली ‘द शॅडो ऑफ द व्हल्चर’ (१९३४) ही १५२९ मधील व्हिएन्नाच्या वेढ्याची ऐतिहासिक कथा असून तीत सोन्या ही रशियन योद्धा स्त्री आहे. चित्रकथेत व्हिएन्नाच्या जागी मॅकॅलेट हे काल्पनिक नगर आले आणि सोन्याची ‘रेड सोन्या’ झाली. रेड सोन्या हे आज स्वतंत्र मालिका असलेले पात्र आहे. हॉवर्ड यांनी मात्र या रूपात तिला कधीच लिहिले नव्हते. चोविसाव्या अंकातील ‘द साँग ऑफ रेड सोन्या’ या कथेला शझॅम पुरस्कार मिळाला. स्मिथ यांचा मालिकेतील तो अखेरचा अंक होता.

मधल्या जागा भरणे: ‘क्वीन ऑफ द ब्लॅक कोस्ट’ (मे १९३४) या कथेच्या पहिल्या प्रकरणात कोनन व चाच्यांची राणी बेलिट एकत्र येतात. दुसऱ्या प्रकरणात ते झारखेबा नदीवर पोहोचतात आणि पुढे तिथेच तिचा मृत्यू होतो. मधल्या काळातील लुटींचा उल्लेख हॉवर्ड यांनी अगदी थोडक्यात केला आहे. थॉमस व बुसेमा यांनी या फटीत ५८ ते १०० असे अंक रचले. हे कथानक जानेवारी १९७६ ते जुलै १९७९ अशी साडेतीन वर्षे चालले. बेलिटला पूर्वायुष्य मिळाले, अ‍ॅस्गालुनचा राजा असलेला पिता मिळाला, न्यागा हा वृद्ध पालक मिळाला. मूळ कथेत तिचा मृत्यू अकस्मात येतो आणि त्या आकस्मिकपणातच त्याचा परिणाम आहे. चित्रकथेत मात्र वाचकाने साडेतीन वर्षे तिची सोबत केलेली असते. एकाच प्रसंगाचे दोन माध्यमांतले बळ वेगवेगळ्या ठिकाणी कसे असते, हे येथे स्पष्ट होते.

एक उदाहरण: ‘द टॉवर ऑफ द एलिफंट’

मार्च १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेली ही कथा थॉमस यांनी दोनदा चित्रकथेत आणली. प्रथम एप्रिल १९७१ च्या चौथ्या अंकात स्मिथ यांच्यासह रंगीत रूपात, नंतर १९७७ मध्ये ‘द सॅव्हेज स्वोर्ड ऑफ कोनन’च्या चोविसाव्या अंकात बुसेमा व आल्फ्रेडो आल्काला यांच्यासह कृष्णधवल रूपात. त्यामुळे तुलनेसाठी तिचा विशेष उपयोग होतो.

तरुण चोर कोनन यारा या मांत्रिकाच्या मनोऱ्यातील रत्न चोरण्यासाठी शिरतो. वाटेत टॉरस हा नामांकित चोर त्याला भेटतो. बागेतील सिंहांचा अडथळा पार करून दोघे मनोरा चढतात, पण वर दबा धरून बसलेल्या महाकाय कोळ्याच्या विषाने टॉरस मरतो. कोळ्याला मारून कोनन आत जातो तेव्हा त्याला हत्तीचे मस्तक असलेली एक मूर्ती दिसते. मग ती मूर्ती हलते. याग-कोशा नावाचा तो परग्रहवासी जीव याराने आंधळा व पंगू करून शतकानुशतके कैदेत ठेवलेला असतो. मराठी वाचकाला गणपतीची आठवण होणे स्वाभाविक असले तरी कथेतील हा जीव देव नाही. तो छळला गेलेला निर्वासित आहे. चोरी करायला आलेला कोनन त्याचे दुःख पाहून शरमतो, त्याच्या विनंतीवरून त्याला मरण देतो आणि त्याच्या रक्ताने भिजलेले रत्न यारापुढे ठेवतो. यारा आकसत जाऊन त्या रत्नात ओढला जातो आणि आत त्याचा सूड घेतला जातो. कोनन रिकाम्या हाताने बाहेर पडतो आणि मनोरा कोसळतो.

गद्यात या कथेचा उत्कर्षबिंदू म्हणजे याग-कोशाचे दीर्घ आत्मनिवेदन. ताऱ्यांपलीकडील प्रवास, पृथ्वीवरील युगे आणि शेवटी आलेले दास्य हे सारे तो सांगतो. चित्रकथेत लांबलचक भाषण पानावर जड होते. म्हणून निवेदन तोडून त्यातील दृश्ये स्वतंत्र चौकटींत दाखवावी लागतात. जे वाचकाने कल्पावे असे हॉवर्ड यांना अपेक्षित होते, ते येथे प्रत्यक्ष दिसते. उलट, कोननला वाटलेली करुणा गद्यात लेखकाला सांगावी लागते, तर चित्रात वाकलेले मस्तक आणि थबकलेला योद्धा एवढ्यानेच ती कळते. स्मिथ यांच्या रेषेत नाजूक, अलंकृत तपशील आहे. आल्काला यांच्या शाईकामात दाट छायाप्रकाश आहे. पहिल्या रूपात स्वप्नासारखी अद्भुतता प्रबळ आहे, दुसऱ्यात भय व वेदना.

आचारसंहिता आणि मासिकाचा पर्याय

अमेरिकन कॉमिक पुस्तकांवर १९५४ पासून कॉमिक्स कोड ऑथॉरिटीची आचारसंहिता लागू होती. प्रकाशकांनी स्वतः स्वीकारलेल्या या संहितेत रक्तपात, नग्नता व भयप्रसंग यांवर कडक बंधने होती. हॉवर्ड यांच्या कथांत हे तिन्ही भरपूर आहे. त्यामुळे रंगीत मालिकेत तलवारीचे घाव चौकटीबाहेर किंवा छायाकृतीत दाखवावे लागत.

मोठ्या आकाराच्या कृष्णधवल मासिकांना ही संहिता लागू नव्हती. मार्व्हलने मे १९७१ मध्ये ‘सॅव्हेज टेल्स’चा पहिला अंक याच स्वरूपात काढला व त्यात ‘द फ्रॉस्ट-जायंट्स डॉटर’ ही कथा दिली. तीच चित्रे पुढील वर्षी रंगीत मालिकेच्या सोळाव्या अंकात घेताना नायिकेच्या अंगावर अधिक वस्त्रे काढण्यात आली. एकच चित्रकथा दोन वाचकवर्गांसाठी दोन रूपांत कशी छापली गेली, याचा हा पुरावा आहे.

‘सॅव्हेज टेल्स’मध्येच १९७३–७४ मध्ये थॉमस व स्मिथ यांनी ‘रेड नेल्स’ ही कथा साकारली. एका बंदिस्त नगरातील दोन टोळ्या परस्परांचा संहार करत असतात आणि मारलेल्या प्रत्येक शत्रूमागे एका काळ्या खांबात लाल खिळा ठोकतात. द्वेषाची ही मोजदाद चित्रात एका दृष्टिक्षेपात कळते. हे माध्यमांतर स्मिथ यांच्या उत्कृष्ट कामांत गणले जाते. ऑगस्ट १९७४ पासून ‘द सॅव्हेज स्वोर्ड ऑफ कोनन’ हे स्वतंत्र मासिक सुरू झाले आणि जुलै १९९५ पर्यंत त्याचे २३५ अंक निघाले. अधिक पाने मिळाल्यामुळे मूळ कथांची सविस्तर रूपांतरे येथे करता आली. त्यांत आल्काला, टोनी डिझुनिगा, अर्नी चॅन अशा फिलिपिनो चित्रकारांचा मोठा वाटा होता.

टीका

या माध्यमांतरांवरील टीका मुख्यतः तीन अंगांनी होते. पहिला आक्षेप मूळ पात्राच्या स्वरूपाविषयी आहे. हॉवर्ड यांचा कोनन अनेक भाषा जाणणारा, खिन्नता व उल्हास या दोन टोकांमध्ये हेलकावणारा, नागर संस्कृतीकडे संशयाने पाहणारा माणूस आहे. दीर्घकाळ चाललेल्या मालिकेत त्याचे रूपांतर अनेकदा दर अंकात एक राक्षस मारणाऱ्या ठरीव नायकात झाले.

दुसरा आक्षेप वंशचित्रणाविषयी आहे. मूळ कथांत विशिष्ट वंशांच्या लोकांबद्दल हीन कल्पना आढळतात. कृष्णवर्णीय चाच्यांवर राज्य करणारी गौरवर्णी बेलिट ही प्रतिमाही वसाहतवादी दृष्टीची मानली जाते. चित्रकथाकारांनी काही उल्लेख गाळले व तिच्या राणीपदाला कथेच्या अंगाने कारणे पुरवली. मूळ चौकट मात्र बदलली नाही. शब्द गाळता येतात, पण तीच दृष्टी चित्रातील चेहऱ्यांतून पुन्हा उमटू शकते, ही माध्यमांतराची एक मर्यादा येथे दिसते.

तिसरा आक्षेप स्त्रीचित्रणाचा आहे. रेड सोन्याचा मूळ कथेतील पोशाख योद्ध्याला साजेसा होता. एस्तेबान मारोतो यांच्या चित्रामुळे रूढ झालेला तिचा तोकडा लोखंडी पोशाख या पात्राची ओळख बनला आणि त्यावर सातत्याने टीका होत आली.

उत्तरकाल

मार्व्हलच्या यशामुळे इतर पल्प नायकही चित्रकथेत आले. मार्व्हलने १९७१ मध्ये राजा कुलची मालिका सुरू केली. डीसी कॉमिक्सने १९७३ मध्ये ‘स्वोर्ड ऑफ सॉर्सरी’ या नावाने फ्रिट्झ लायबर यांच्या फाफर्ड व ग्रे माउसर या जोडीच्या कथा आणल्या; डेनी ओ’नील व हॉवर्ड चेकिन यांची ही मालिका पाच अंकांतच थांबली. मायकेल मूरकॉक यांचा एलरिक १९७२ मध्ये कोनन मालिकेच्या १४ व १५ या अंकांत पाहुणा म्हणून आला.

२००३ मध्ये डार्क हॉर्स कॉमिक्सने कर्ट ब्युसेक व कॅरी नॉर्ड यांच्याकडून नवी मालिका सुरू केली. याच सुमारास हॉवर्ड यांचा मूळ पाठ, इतरांची भर वगळून आणि लेखनक्रमानुसार लावून, तीन खंडांत प्रसिद्ध होत होता. त्यामुळे नव्या चित्रकथाकारांना शुद्ध पाठाचा आधार घेता आला. २०१२ ते २०१४ या काळात ब्रायन वुड यांनी ‘क्वीन ऑफ द ब्लॅक कोस्ट’ पुन्हा २५ अंकांत विस्तारली. त्यानंतर हक्क काही वर्षे मार्व्हलकडे परतले आणि २०२३ पासून टायटन कॉमिक्सने मालिका सुरू केली. युरोपात हॉवर्ड यांच्या लेखनावरील हक्कांची मुदत संपल्यानंतर फ्रान्समधील ग्लेना या प्रकाशनाने २०१८ पासून एकेका कथेवर स्वतंत्र ग्रंथ काढले. निरनिराळे चित्रकार, प्रत्येक कथा पूर्ण व सुटी, सलग चरित्राचा आग्रह नाही, असे या ग्रंथांचे स्वरूप आहे. मासिक अंकांच्या गरजेपोटी जोडलेली साखळी येथे पुन्हा सुटी झाली आणि प्रसंग आठवतील तसे सांगण्याच्या हॉवर्ड यांच्या मूळ रीतीजवळ चित्रकथा परत आली.